दादरची पुढची लोकल सांगणारा एंडपॉइंट

अ‍ॅपमध्ये दादर निवडलं की पुढच्या चार लोकल दिसतात. त्या फोन शोधत नाही, तो सर्व्हरला विचारतो. हा प्रश्न ज्या ठरलेल्या पत्त्यावर जातो तो एंडपॉइंट. नवा एंडपॉइंट लिहायला बहुतेक फ्रेमवर्कमध्ये (प्रोग्रामच्या तयार सांगाड्यांमध्ये) दहा-पंधरा ओळी पुरतात. डोकं खातात ते त्याआधीचे निर्णय.

समजा पत्ता ठेवला '/स्थानक/दादर/गाड्या'. कुठलं दादर? पश्चिम रेल्वेच्या दादरचा कोड डीडीआर, मध्य रेल्वेच्या दादरचा डीआर. पूर्वी दोन्हीकडे फलाट क्रमांक १ होता. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे फलाट ८ पासून पुढे मोजायला सुरुवात झाली आणि प्रवाशांचा घोळ मिटला, पण जुन्या डेटातले आकडे आपोआप बदलत नाहीत. म्हणून पत्त्यात नावाऐवजी स्थानकाचा कोड घ्यावा. आणखी एक खाच: एक्स्प्रेससारखी (ही गाडी नव्हे, जावास्क्रिप्टचं एक फ्रेमवर्क) फ्रेमवर्क रूट, म्हणजे पत्त्यांचे साचे, लिहिलेल्या क्रमाने तपासतात. '/स्थानक/:कोड' (':कोड'च्या जागी कुठलाही शब्द चालतो) आधी आणि '/स्थानक/जवळचं' नंतर लिहिलं, तर सर्व्हर 'जवळचं' नावाचं स्थानक शोधत बसतो.

माहिती फक्त वाचायची असल्याने विनंती 'गेट' प्रकारची. कोड अस्तित्वातच नसेल तर उत्तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. 'किती गाड्या हव्यात' या जागी कुणी 'अबक' लिहिलं तर ४००, म्हणजे 'विनंती चुकीची'. रात्री अडीच वाजता विचारलं तर? स्थानक आहे, गाडी नाही. तेव्हा २००, म्हणजे 'सगळं ठीक', आणि रिकामी यादी. इथे ४०४ दिलं तर अ‍ॅप 'असं स्थानक नाही' म्हणून मोकळं होतं. गाड्यांच्या संख्येवर कमाल मर्यादाही हवी, नाहीतर कुणीतरी दहा लाख मागतोच.

सगळ्यात चिवट भानगड मध्यरात्रीची. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मुंबईत रविवारचे ००:२० झालेले असतात तेव्हा तिथे शनिवारचे १८:५०. वेळ बदलून घेतली तरी प्रश्न उरतोच, कारण ००:२० ची ती गाडी शनिवारच्याच वेळापत्रकातली असते. तारखेवरून वेळापत्रक निवडणारा प्रोग्राम रविवारचं उघडतो आणि गाडी गायब होते. सार्वजनिक वाहतुकीच्या जीटीएफएस मानकात यावर सरळ उपाय आहे: ही वेळ शनिवारच्या खात्यात '२४:२०' अशी लिहायची. म्हणजे मध्यरात्रीनंतरचे काही तास कालचं आणि आजचं अशी दोन्ही वेळापत्रकं चाळावी लागतात. टेस्ट लिहायचा कंटाळा असेल तरी ही एक लिहाच.

डेटाबेसला प्रश्न विचारताना आलेला स्थानकाचा कोड क्वेरीच्या, म्हणजे त्या प्रश्नाच्या, मजकुरात चिकटवू नये, पॅरामीटर म्हणून वेगळा द्यावा. नाहीतर एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे कोडच्या जागी डेटाबेसची आज्ञा घुसवण्याला, दार उघडं. आधी गाड्यांची यादी आणि मग प्रत्येक गाडीच्या डब्यांसाठी वेगळी क्वेरी, असंही नको. वीस गाड्यांना एकवीस फेऱ्या होतात. एका जॉइनमध्ये, म्हणजे दोन्ही टेबलं जोडणाऱ्या एकाच क्वेरीत, काम भागतं. शोध स्थानक आणि वेळ यांवर होणार, म्हणून इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) त्या दोन्हींचा मिळून, स्थानक आधी.

लाइव्ह करताना क्रम पाळावा: आधी इंडेक्स, मग बॅकएंड (सर्व्हरवरचा प्रोग्राम), शेवटी अ‍ॅप. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साधी 'क्रिएट इंडेक्स' आज्ञा चालू असेपर्यंत त्या टेबलात काही लिहिता येत नाही. मोठ्या टेबलावर 'कन्करंटली' जोडावं. वेळ जास्त लागतो, पण लिहिणं अडत नाही. मात्र ही आज्ञा मध्येच फसली तर अर्धवट, निकामी इंडेक्स मागे राहतो. तो आधी काढून टाकावा, मग पुन्हा चालवावं.