वडिलांच्या नावची जमीन आणि घर: वारसनोंद नेमकी कोणत्या कार्यालयात करायची?

वडील गेले त्या वर्षी आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला. महिना-दीड महिन्यात घराच्या उताऱ्यावर आईचं आणि आम्हा भावंडांचं नाव लागलं. वारसनोंद झाली म्हणून आम्ही निवांत. दोन वर्षांनी पीककर्जासाठी सोसायटीत गेलो, तर सचिवांनी सातबारा वरखाली पाहिला आणि विचारलं, "वडील कुठायत? सही त्यांचीच लागेल." जमिनीला अजून तेच मालक होते.

चूक आमचीच. गाव एक असलं तरी दफ्तर एक नसतं, हे तेव्हा कळलं.

महाराष्ट्रात ६ महसुली विभाग आणि ३६ जिल्हे आहेत. जिल्ह्याच्या खाली कारभार दोन वाटांनी गावापर्यंत उतरतो. एक वाट महसुलाची: जिल्हाधिकारी, प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी), तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि शेवटी तलाठी. दुसरी वाट लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांची: जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. ही त्रिस्तरीय रचना १ मे १९६२ पासून चालत आली आहे. (मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही, म्हणून जिल्हे ३६ पण जिल्हा परिषदा ३४.) तलाठी आणि ग्रामसेवक बऱ्याच गावांत शेजारशेजारच्या खोल्यांत बसतात, पण एकाचा साहेब तहसीलदार, दुसऱ्याचा गटविकास अधिकारी. एका खोलीत दिलेला कागद दुसऱ्या खोलीत आपोआप जात नाही. हल्ली तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पाट्या बदलल्या, वाटा त्याच.

आधी मृत्यूचा दाखला

सगळं इथून सुरू होतं, आणि पहिली चक्करही इथेच वाया जाते. मृत्यूची नोंद माणूस राहायचा त्या गावात होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. वडील शहराच्या दवाखान्यात वारले असतील तर दाखला तिथल्या नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा. नोंद २१ दिवसांत झाली तर विनाशुल्क होते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून हे काम दिवसकार्याच्या धावपळीतच उरकलेलं बरं. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या.

शेतजमीन: तलाठी

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई सगळं अडतं. अर्ज ज्या सजात (म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत) जमीन आहे तिथल्या तलाठ्याकडे. दोन गावांत जमीन असेल आणि सजे वेगळे असतील तर अर्जही दोन. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो.

कागद लागतात ते असे: मृत्यू दाखला, मयताच्या नावचे सगळे सातबारे आणि ८-अ, वारसांची आधार कार्डं, आणि सर्व वारसांची नावं, वयं, नातं व पत्ते लिहिलेलं शपथपत्र. रेशनकार्डाची प्रत नात्याच्या पुराव्याला जोडावी. अर्ज दिल्यावर पोच घ्या. पोच मागायला संकोच वाटतो, पण पुढे तीच कामाला येते.

वारस कोण? हिंदू कुटुंबात, मृत्युपत्र नसेल तर, पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई, ही पहिल्या वर्गातली जवळची माणसं. लग्न झालेल्या बहिणी यात आल्याच. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तरी शपथपत्रात बहिणींची नावं गाळण्याचा उद्योग गावोगाव चालतो, कधी "ती काही बोलणार नाही" म्हणून, कधी मुद्दाम. तसं करू नका. बहिणीला हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लागू द्या, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरची संमती पुढे टिकत नाही.

अर्जानंतर तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, प्रकरण घेतो, चौकशी करतो आणि फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरतो. संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' संकेतस्थळावरही पाहता येते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नावं येतात. तलाठ्याने नोंद घातली म्हणजे काम झालं असं नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी ती मंजूर करेपर्यंत ती कच्चीच. हरकत आली तर सुनावणी होते, आणि निकाल पटला नाही तर प्रांतांकडे ६० दिवसांत अपील.

मयतांची नावं सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं तशीच राहतात, म्हणून २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तुमच्या गावात ती येऊन गेली असली तरी आपला उतारा एकदा काढून बघाच.

घर: ग्रामपंचायत

घराची नोंद असते नमुना ८ ला. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा उतारा. लोक दोन्हींना सरसकट "आठचा उतारा" म्हणतात आणि खिडकीवर घोळ होतो. नमुना ८ साठी ग्रामपंचायतीत अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र आणि घरपट्टी भरल्याची पावती द्या. विषय मासिक सभेपुढे जातो आणि ठराव झाला की नोंद बदलते. थकबाकी आधीच भरून टाका, म्हणजे तेवढ्यावरून अर्ज अडकायला नको. काम लांबलं तर दाद पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे मागायची. तहसीलला जाऊन उपयोग नाही.

नमुना ८ हे कर आकारणीचं दफ्तर आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. म्हणून आणखी एक दार ठोठवावं लागू शकतं. गावठाणाचं भूमापन होऊन घराची मिळकत पत्रिका निघाली असेल (स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेली गावं यात आली), तर तिच्यावरची वारसनोंद तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात होते. हे खातं पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या हाताखाली. कागद जवळपास तेच, फक्त मिळकत पत्रिकेची प्रत जास्तीची.

बँकेतल्या पैशांचं मात्र यातल्या कुठल्याच दफ्तरात भागत नाही. खात्याला नॉमिनी नेमलेला नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक दिवाणी न्यायालयाचा दाखला मागते. तलाठ्याची वारसनोंद तिथे चालत नाही.

नवा सातबारा हातात आला की प्रत्येक नाव आधारशी अक्षर न अक्षर ताडून बघा. आमच्या आईच्या नावात एक काना जास्त पडला होता. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही, सोसायटीच्या सचिवांनी मात्र लगेच बोट ठेवलं. अशा लेखनचुकीसाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा असतो. त्या एका कान्यापायी आईला पुन्हा तालुक्याला न्यावं लागलं.