जमिनीचं कोठार जमिनीत नसतं

उष्ण कटिबंधातलं घनदाट जंगल पाहिलं की वाटतं, एवढी झाडं पोसणारी माती किती कसदार असेल! ही समजूत आजवर कितीतरी जणांना महागात पडली आहे. जंगल तोडून, जाळून पेरलं की पहिल्या वर्षी राखेच्या जोरावर पीक तरारून येतं. पुढच्या हंगामात ते जेमतेम येतं आणि तीन-चार वर्षांत जमीन हात टेकते. स्वतःचं अन्न स्वतः पिकवून साधेपणानं राहायचं ज्यानं ठरवलंय, त्यानं बी हातात घेण्याआधी हे कोडं सोडवायला हवं.

ज्वालामुखीच्या राखेची माती आणि नदीकाठचा गाळ हे सुदैवी अपवाद. एरवी या पट्ट्यातली बरीचशी लाल-पिवळी माती फार म्हातारी आहे. लाखो वर्षांच्या पावसानं तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धुऊन नेला आहे. उरली ती केओलिनाइट नावाची चिकणमाती आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. या कणांना बहुतेक अन्नद्रव्यं फारशी धरून ठेवता येत नाहीत. आणि स्फुरदाला (फॉस्फरसला) मात्र ही ऑक्साइडं इतकी घट्ट पकडतात की तो मुळांना मिळत नाही. त्यात भर उष्णतेची. तापमान 10 अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात वर्षानुवर्षं साचून राहणारा पाचोळा इथे काही महिन्यांत नाहीसा होतो.

मग जंगल जगतं कशावर? स्वतःवरच! त्याची बहुतेक शिदोरी खोडात, पानांत, मुळांत आणि मातीच्या वरच्या वीतभर थरात असते. एखाद्या झाडाखालचा ओलसर पाचोळा हलक्या हातानं उचलून पाहा. वरची पानं कोरडी आणि अख्खी. त्याखालची काळी पडलेली, जाळीदार. आणि त्याखाली पांढऱ्या बुरशीचे सुतासारखे धागे. याच थरात झाडाची केसासारखी बारीक मुळं वर चढून आलेली दिसतात. पान कुजलं, त्यातून नत्र (नायट्रोजन) सुटला, की पावसानं तो खाली नेण्याआधीच मुळं उचलतात. आपल्या बागेलाही हीच सवय लावायची आहे.

म्हणून पहिला नियम कडक आहे: जमीन उघडी ठेवायची नाही. भर उन्हात उघड्या मातीचा पृष्ठभाग 50 अंशांच्याही वर तापू शकतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगानं आदळतो, मातीची ढेकळं फोडतो, आणि सुटलेले बारीक कण छिद्रांत बसून वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, वाहतं, आणि जाताना वरचा थर घेऊन जातं. चार बोटं जाडीचं पाल्याचं आच्छादन हे सगळं थांबवतं. मला विचाराल तर नव्या माणसानं पहिलं वर्ष पिकापेक्षा पाला उगवण्यात घालवावं.

पाल्यासाठी सर्वांत उपयोगी शेंगावर्गीय झाडं. गिरिपुष्पाची फांदी जमिनीत खोचली तरी जगते आणि वर्षातून अनेकदा छाटता येते. चवळीचं जोमदार रोप मुळासकट उपटा. मुळांवर मोहरीएवढ्या, मिरीएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. हवेत 78 टक्के नत्र असतो, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठींतले जीवाणू तो पकडून झाडाला देतात. मात्र हे काम करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं बिघडतं, म्हणून हे लाल प्रथिन ऑक्सिजन मोजूनमापून आत सोडतं.

ताटाचा हिशोब पालेभाजीपासून सुरू करण्याची चूक सर्रास होते. पालेभाजी हवीच, पण पोट तिनं भरत नाही. पोट भरतं कंदांनी. कसावाच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्याच्या, 100 ग्रॅम कंदात सुमारे 160 कॅलरी असतात, म्हणजे 2000 कॅलरींसाठी सव्वा किलो पुरे. पण त्या सव्वा किलोत प्रथिनं असतात जेमतेम 17 ग्रॅम, आणि 60 किलोच्या प्रौढाला रोज 50 ग्रॅमच्या आसपास लागतात. दीडशे ग्रॅम सुक्या कडधान्यानं ती तूट जवळपास भरून निघते. जमिनीची भूक भागवणारं कूळ आपलीही भागवतं, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

कसावा कधीही कच्चा खाऊ नये. त्याच्या पेशींत लिनामारिन हा पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. कंद किसला की दोघं एकत्र येतात आणि विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो. तो 26 अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळे सोलणं, किसणं, भिजत घालणं, वाळवणं आणि नीट शिजवणं यांनी तो निघून जातो. कडू वाणांच्या बाबतीत यातली कुठलीच पायरी गाळायची नाही.

आता उरतो एक अवघड प्रश्न. शेंगा तोडल्या की पकडलेला बराचसा नत्र दाण्यांतून आपल्या ताटात येतो. तो परत कसा द्यायचा? रोज 50 ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माणसाच्या शरीरात वर्षाला जवळजवळ 3 किलो नत्र जातो आणि त्यातला बहुतांश लघवीवाटे बाहेर पडतो. निरोगी घरातली लघवी दहापट पाण्यात मिसळून झाडाच्या आळ्यात, पाल्याखाली मुरवता येते. कच्च्या खायच्या भाजीला मात्र नाही.

केळीचं आळं यासाठी उत्तम, कारण केळीची भूक मोठी असते. केळ हे झाड नव्हे, खोडात लाकूड नसलेली प्रचंड आकाराची शाकीय वनस्पती आहे. तिचा एक खुंट एकदाच घड देतो. घड उतरवला की खोड बाहेर फेकू नका, तिथेच उभं चिरून आळ्यात आडवं टाका. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. पुढचे काही आठवडे ते तुकडे हातानं दाबले तरी पाणी सुटतं, खालची माती ओली राहते, आणि शेजारचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला नवा कोंब, त्याच ओलीवर नवं पान उलगडत असतो.