भावफलकाचं पान आणि लिस्पचे कंस

कारंजा किंवा हिंगणघाटच्या बाजार समितीचा भावफलक दसऱ्यानंतर पाहा, सोयाबीनचा जोर असतो. दिवाळी उलटली की कापूस, संक्रांतीच्या मागंपुढं नवी तूर, शिमग्याकडे चना. ज्या मालाची आवक नाही, त्याची ओळच नाही. हा फलक मोबाइलवर दाखवायचा तर ओळी आधीच लिहून ठेवून भागत नाही. आजच्या आकड्यांवरून पान आज घडवावं लागतं.

सरधोपट पद्धत म्हणजे अक्षरांचे तुकडे एकापुढे एक चिकटवणं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेत, तक्त्याच्या पोटात ओळी, ओळींच्या पोटात खण, आणि उघडलेली खूण सहसा बंदही करायची. एखादी राहिली तरी प्रोग्राम हूं की चूं करत नाही. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. तक्ता विस्कटतो तो थेट वाचणाऱ्याच्या मोबाइलवर.

लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा इथं वेगळी वाट धरते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत या भाषेचं काम सुरू केलं, तेव्हा वेबपान ही चीजच नव्हती. तरी दोघांची ठेवण जुळते, कारण लिस्पमध्ये सगळं कंसातल्या याद्यांचं, आणि यादीच्या आत यादी चालते. ‘ओळ’ आणि ‘खण’ ही नावं मी माझ्या सोयीनं घेतली आहेत. ब्राउझरकडे जाताना त्यांच्या जागी त्याच्या ओळखीच्या खुणा घालायच्या:

`(ओळ (खण ,माल) (खण ,दर))

सुरुवातीची उलटी खूण सांगते, ‘ही यादी चालवू नको, आहे तशी ठेव.’ स्वल्पविराम सांगतो, ‘एवढ्या जागी मात्र खरी किंमत भर.’ बस्स. माल तूर असेल तर तुरीची ओळ तयार. आता सगळा फलक:

`(तक्ता ,@(मॅप ओळ-कर आजचे-भाव))

‘ओळ-कर’ म्हणजे एका नोंदीची वरच्यासारखी ओळ बनवणारं फंक्शन. ‘मॅप’ आजच्या प्रत्येक नोंदीवर ते चालवतं आणि ओळींची यादी देतं. ‘,@’ त्या यादीचा बाहेरचा कंस सोडवून ओळी तक्त्यात ओततं. तीन नोंदी तर तीन ओळी, एकही नाही तर रिकामा तक्ता. मला लिस्पमधलं सगळ्यात देखणं चिन्ह हेच वाटतं.

यादीचं एचटीएमएल अगदी शेवटी, एकाच ठिकाणी होतं. बंद करायच्या खुणा तिथं आपोआप लागतात. अडत्याच्या दुकानाच्या नावात ‘&’ असला, किंवा कुणी खोडसाळपणे नावाच्या रकान्यात ‘<’ घालून भलताच कोड घुसवू पाहिला, तर त्याचा बंदोबस्तही तिथंच करता येतो. क्लोजर आणि कॉमन लिस्प या लिस्पच्याच बोली; क्लोजरमधलं हिकप, कॉमन लिस्पमधलं सीएल-हू अशी तयार साधनं याच कल्पनेवर उभी आहेत. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं व्हायावेब तर दुकानदारांना ऑनलाइन दुकानं थाटून द्यायचं, आणि त्याचा मोठा भाग लिस्पमध्ये होता. १९९८ मध्ये ते याहू कंपनीनं विकत घेतलं.

कंसांची धास्ती घेऊ नका. जोड्या जुळवायला एडिटर असतो. रॅकेट ही लिस्पच्या घराण्यातली भाषा फुकट मिळते, आणि तिच्यात नावं देवनागरीतही देता येतात.