मुंबई पालिकेची इमारत गॉथिक की इंडो-सारासेनिक? थोडी पार्श्वभूमी

फोर्टची तटबंदी पाडली, कापसाची तेजी आली नि बसली, हे सगळ्यांना माहितीय, त्यात जात नाही. पालिकेची इमारत ज्याने केली त्याच्यापासून, सरळ १८८४ पासून सुरू करते. व्हीटीचं (आताचं सीएसएमटी स्टेशन) काम १८७८ पासून सुरू होतं, ते चालू असतानाच तिच्या आर्किटेक्टने, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने, सरकारी बांधकाम खातं सोडून मुंबईत स्वतःचं ऑफिस टाकलं, पुढे मुलगाही धंद्यात आला. म्हणजे व्हीटी या ऑफिसच्या नावावर टाकणं अर्धंच बरोबर, कारण डिझाइन केलं तेव्हा तो सरकारी नोकर होता, रेल्वेला उसना दिलेला. आणि बांधकामावर त्याच्यासोबत दोन मराठी माणसं होती, एक असिस्टंट इंजिनियर नि एक सुपरवायझर, त्यांचा उल्लेख व्हीटीच्या गोष्टीत किती वेळा येतो? मला हे फार लागतं.

खरा गुंता समोरच्या पालिकेच्या इमारतीचा. पायाभरणी डिसेंबर १८८४ ला झाली आणि काम सुरू झालं एप्रिल १८८९ ला! मधे दोन डिझाइनं होती. एक मद्रासमध्ये नाव कमावलेल्या आर्किटेक्टचं, इंडो-सारासेनिक, म्हणजे इथले घुमट-कमानी घेऊन केलेली ब्रिटिशांची शैली. दुसरं स्टीव्हन्सच्या ऑफिसचं, गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची जुनी युरोपियन शैली. शेवटी दुसरं घेतलं. म्हणून सगळे लिहितात 'गॉथिक जिंकलं'. पण एकदा फुटपाथवर उभं राहून वर बघा ना, टोकदार कमानी गॉथिक आहेत, मान्य, पण डोक्यावरचे ते फुगीर घुमट कुठून आले? ते इथलेच आहेत. माझ्या मते हरलेली शैली जिंकलेल्या इमारतीच्या माथ्यावर जाऊन बसली. समोर व्हीटी होती, तिला शोभेल असं काहीतरी हवं होतं, मला तरी ती निवड पटते. १८९३ ला इमारत पूर्ण झाली, मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये आणि लागले ११,१९,९६९. सरकारी काम मंजुरीपेक्षा कमी पैशात!

त्यानंतर चर्चगेटचं रेल्वे मुख्यालय, १८९९ चं, त्यात तर घुमट आणखीच पुढे आलेत, तिथे नुसतं 'गॉथिक' म्हणून भागतच नाही. पुढच्याच वर्षी स्टीव्हन्स वारला, काम मुलाने चालू ठेवलं, आणि १९३३ ला त्याने बांधलं रीगल सिनेमा, पूर्ण आर्ट डेको, म्हणजे त्या काळातली नवी, सरळ रेषांची शैली. रीगलच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की चौकापलीकडे पोलीस मुख्यालय दिसतं, ते मूळचं खलाशांचं वसतिगृह, १८७६ चं, बापाने सरकारी नोकरीत असताना केलेलं.