ताई शंभरला, मी पंधराशेला

"ताईची बहीण ना तू? मग शंभर मीटरला नाव घालतो," म्हणत पीटीच्या सरांनी सातवीत मला शर्यतीला उभं केलं. फक्कीच्या रेघेवर बोटं टेकलेली, छाती धडधडतेय. शिट्टी झाली आणि पहिल्या दहा पावलांतच चौघी पुढे गेल्या. ताई तालुक्याला पहिली यायची. आईबाबा तेच, भाकरी-आमटी तीच. मग माझे पाय वेगळे कसे?

स्नायूंत जलद आकसणारे आणि संथ, चिवट असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. जलद तंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकाचं एक रूप असं आहे, की त्यात अर्ध्यातच 'थांबा' असा संकेत येतो आणि प्रथिन बनतच नाही. हा आजार नव्हे. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून; दोन्ही बंद, म्हणजे हे प्रथिनच नाही, असा जगात साधारण पाचातला एक जण असतो. मात्र २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अव्वल वेगवान धावपटूंत अशी माणसं अगदी थोडी सापडली.

आता आई आणि बाबा दोघांकडेही एक चालू आणि एक बंद प्रत असेल, तर दोन्ही बंद प्रती मिळण्याची शक्यता प्रत्येक मुलाला चारात एक. म्हणजे सख्ख्या बहिणींतही फरक पडू शकतो. आमची तपासणी कुणी केलेली नाही, आणि हे एकटं जनुक वेगातल्या फरकाचा लहानसाच हिस्सा सांगतं. पण 'घराण्यातच आहे' म्हणून सगळ्या भावंडांना एकाच रेघेवर उभं करणं चूक, एवढं मला पटलं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो 'हेरिटेज' अभ्यास. व्यायामाची सवय नसलेल्या ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून २० आठवडे सायकल मारून घेतली, प्रत्येकाच्या कुवतीच्या मानाने सारखीच. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता कुणाची मिनिटाला लिटरभर वाढली, तर कुणाची जवळजवळ नाहीच. या फरकातला ४७ टक्क्यांपर्यंतचा वाटा कुटुंबाचा निघाला, त्यात जनुकंही आली आणि एकत्र राहणंही. म्हणजे सरावाला शरीर किती साथ देतं, हेही घरातून येतं, आणि ते सराव केल्याशिवाय दिसत नाही.

मला ते नववीत दिसलं, वर्षभर पहाटे पळाल्यावर. पंधराशेची शेवटची फेरी होती. पुढे फक्त एक मुलगी, आणि दोरीपलीकडून चपला हातात घेऊन माझ्याबरोबर पळणारी ताई. पन्नासेक मीटरनंतर ती धापा टाकत थांबली. मी पळत राहिले.