सोलर, बॅटरी आणि सरकारी सवलत: कोटेशनवर सही करण्याआधी हे वाचा

आम्ही छतावर सोलर बसवून देतो. चौकशीला येणारे बरेच जण आधी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करतात. "हे बघा, बॅटरीवर तीस टक्के सरकार देतंय." व्हिडिओतली माहिती बहुतेक वेळा खरी असते, फक्त ती दुसऱ्याच देशाची असते किंवा मुदत उलटून गेलेली असते. दर वेळी तेच समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं, म्हणून हे पत्रक.

पहिली गोष्ट, "सबसिडी" या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे प्रकार खपतात. कुठे सरकार बसवण्याच्या खर्चातला वाटा रोख देतं, तर कुठे तो आयकरातून वजा होतो. कुठे खरेदीवरचा कर माफ असतो, जसा ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून घरगुती सोलरवर शून्य आहे. स्वस्त कर्ज हा आणखी एक प्रकार. आणि शेवटचा, लोकांच्या सहसा लक्षात न येणारा, पण वर्षानुवर्षं फरक पाडणारा प्रकार म्हणजे छतावरची जादा वीज ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) दिल्यावर तिचा हिशोब कोणत्या दराने होतो तो. पहिले चार एकदाच मिळतात. पाचवा दर बिलात दिसत राहतो.

म्हणून आमच्याकडे आलात की आधी विचारा: "जादा युनिटचं काय मिळेल?" सबसिडी किती, हा प्रश्न त्यानंतर.

याचं कारण दुपारी छतावर काय घडतं ते पाहिलं की कळतं. बाराच्या सुमारास पॅनल जोरात असतात आणि घरात फ्रिज व एखादा पंखा एवढंच चालू असतं. इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर तीन किलोवॅट दिसतात, घर खातं त्याचा दहावा भाग, उरलेली सगळी बाहेर जाते. संध्याकाळी सातला दिवे, टीव्ही, मिक्सर सगळं सुरू होतं तेव्हा पॅनल शून्यावर. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेला युनिट संध्याकाळच्या युनिटात वजा होतो, म्हणजे ग्रिड हीच तुमची बॅटरी, तीही फुकटची. अशा ठिकाणी पैसे वाचवायला बॅटरी घेणं हा हिशोब जुळत नाही. उलट बॅटरीत साठवून परत काढताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, ती वेगळीच.

जिथे बाहेर दिलेल्या युनिटला कमी आणि घेतलेल्या युनिटला जास्त दर असतो, तिथे मात्र चित्र पालटतं. जर्मनीचं उदाहरण बोलकं आहे. तिथे २००० च्या कायद्याने छतावरच्या प्रत्येक युनिटला ९९ फेनिग (युरोच्या हिशोबात सुमारे ५० सेंट), तेही वीस वर्षांसाठी, असा दर बांधून दिला. तेव्हा सगळी वीज बाहेर देणंच शहाणपणाचं होतं. आज तिथल्या नव्या छोट्या यंत्रणेला जादा युनिटमागे साधारण ८ सेंट मिळतात आणि विकत घ्यायच्या युनिटला ३० सेंटांहून जास्त मोजावे लागतात. त्यामुळे नव्या घरगुती यंत्रणा बहुतेक बॅटरीसकटच बसतात. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ मध्ये जादा विजेचा मोबदला बराच घटवला गेला, तेव्हा तिथेही ग्राहक बॅटरीकडे वळले.

आता व्हिडिओतल्या त्या तीस टक्क्यांकडे येऊ. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर सुमारे ३० टक्के सूट सुरू झाली, ती २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. ती बॅटरीच्या वापरण्याजोग्या क्षमतेवर मोजतात, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही. हा फरक आमच्या ग्राहकांनीही लक्षात ठेवावा, सवलत असो वा नसो. दहा युनिटची म्हणून विकलेली बॅटरी सगळेच्या सगळे दहा युनिट वापरू देते असं नाही.

अमेरिकेतही ३० टक्के होते, पण आयकरातून. तुमचा कर मुळात कमी असेल तर त्या वर्षी पूर्ण लाभ पदरात पडत नसे. २०२५ च्या जुलैत नवा कायदा झाला आणि घरमालकांसाठीची ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. गंमत, किंवा दुःख म्हणा, अशी की पैसे डिसेंबरात भरले पण काम जानेवारीत पूर्ण झालं, तर सवलत नाही. तारीख काम पुरं झाल्याची धरतात. जगभरच्या योजनांत हाच खडा लागतो. कुठे अर्जाची तारीख चालते, कुठे मंजुरीची, कुठे मीटर सुरू झाल्याची. काही ठिकाणी मंजुरीआधी काम सुरू केलंत तर अर्जच बाद होतो. कोणती तारीख धरणार, हे आम्हाला लेखी विचारा. आम्ही लेखीच सांगू.

भारतातल्या पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४) एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. म्हणजे तीनवर गाडी थांबते. पाच किलोवॅट बसवले तरी तेवढेच. पॅनलचे सेल देशात बनलेले हवेत, यंत्रणा ग्रिडला जोडलेली हवी. आणि हे पैसे मीटर सुरू झाल्यानंतर तुमच्या खात्यात येतात, तोवर रक्कम तुम्हीच उभी करायची. बॅटरीला यात वेगळं अनुदान नाही. "फुकट वीज" असं कानावर पडलं की बसवण्याचा खर्चही फुकट, असा समज होतो. तसं नाही.

आमचीच एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या कामात होऊ नये. पॅनलचा अनुक्रमांक मागच्या बाजूला चिकटवलेला असतो. एकदा आम्ही सगळे पॅनल ठोकून, नटबोल्ट आवळून मोकळे झालो आणि अर्ज भरताना प्रत्येक अनुक्रमांकाचा फोटो मागितला गेला. आमचा पोरगा तापलेल्या गच्चीवर पाठीवर झोपून, पॅनलखालच्या वीतभर फटीत मोबाइल सरकवत, अर्धी दुपार फोटो काढत होता. दोन आकडे तरी पुसट आले. तेवढ्यावरून अर्ज परत आला आणि ग्राहकाचे पैसे लांबले. तेव्हापासून खोकं उघडलं की आधी फोटो, मग पॅनल वर. कुणाकडूनही काम करून घ्या, हे बघाच.

वीज गेल्यावर काय, हाही प्रश्न येतो. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःच बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून तसं करणं बंधनकारक असतं. वीज गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल तर बॅटरी आणि बॅकअपची सोय असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. हे कारण पैशाच्या हिशोबापलीकडचं आहे आणि आमच्या मते चांगलं कारण आहे. रोज दोन-तीन तास वीज जाते त्या घराने बॅटरीची परतफेड किती वर्षांत, हे विचारत बसू नये. मात्र वर्षातून चारदा वीज जाते, त्या घराने थांबावं.

सवलतीकडे बघून यंत्रणेचा आकार ठरवू नका. मोठी घेतली तर जास्त मिळेल म्हणून आलेल्यांना आम्ही आधी बारा महिन्यांची बिलं मागतो. एका महिन्याच्या बिलावर कोटेशन देणाऱ्यापासून सावध राहा, कारण उन्हाळ्याचं बिल आणि थंडीचं बिल यांत बरंच अंतर असतं. मग आम्ही दोन कागद तयार करतो: एक सवलत धरून, एक सवलत न धरता. दुसरा कागद पाहून घाम फुटला तर काम घेऊच नका, असं सांगून आम्ही ग्राहक परत पाठवले आहेत. योजना अधेमध्ये बदलतात, रक्कम रेंगाळते, आणि तोवर हप्ता मात्र चालूच असतो.

येताना बारा बिलं, घराच्या मालकीचा कागद आणि गच्चीचे दुपारी चारच्या सुमारास काढलेले तीन-चार फोटो आणा. चारच का? तेव्हा शेजारच्या इमारतीची आणि टाकीची सावली लांब पडलेली असते, ती त्यात दिसते.