पालेभाज्यांतील जड धातूंचे प्रदूषण

माती, पाणी व हवेतील शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांसारखे धातू पालेभाज्यांच्या पानांत किंवा पानांवर साठण्याची क्रिया. जस्त आणि तांबे हेही जड धातूच. पण ते झाडांना आणि माणसांना थोड्या प्रमाणात लागतात. ग्राहकाच्या आरोग्याच्या दृष्टीने खरी चिंता शिसे आणि कॅडमियमची. बातम्यांत ही दोन नावे एका दमात येतात, पण त्यांचा पानापर्यंतचा मार्ग वेगळा असतो आणि उपायही त्यावरच ठरतो.

शिसे मातीच्या कणांना घट्ट चिकटते. ते झाडाच्या मुळांत शिरले तरी बहुधा तिथेच अडकते. पानावर सापडणारे शिसे पुष्कळदा वरून आलेले असते : रस्त्याची धूळ, भट्ट्यांचा धूर, पावसाने उडालेली माती. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले; त्याआधी कित्येक वर्षे साचलेले शिसे हमरस्त्यांच्या कडेच्या मातीत अजून आहे. कॅडमियम मात्र गुणधर्मांनी जस्ताच्या जवळचे. जस्त आत घेण्याच्या मार्गानेच ते मुळांत शिरते आणि पाण्याबरोबर पानात चढते. मुलामा देण्याचे कारखाने, बॅटऱ्या व रंगद्रव्ये यांच्या सांडपाण्यातून ते शेतात येते, तसेच खनिज फॉस्फेटपासून बनवलेल्या खतांतूनही. जमीन जितकी आम्लधर्मी, तितके ते पिकात जास्त उतरते. पालक या बाबतीत विशेष ‘खादाड’ आहे.

जुडी सोडून पाने पातेलेभर पाण्यात बुडवली की तळाशी काळपट गाळ बसतो. पानांवरच्या शिशाचा बराच भाग या गाळाबरोबर जातो, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुणे आणि देठांच्या खाचांतली माती चोळून काढणे उपयोगाचे आहे. कॅडमियम पेशींतच असते. मीठ, हळद, व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भाजी ठेवून ते निघत नाही. भाजी उकडून पाणी ओतून दिल्यास काही अंश कमी होतो, पण त्याबरोबर फोलेट आणि क जीवनसत्त्वही जाते.

मुंबईत या विषयाचा चेहरा म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारे रुळांलगतचे हिरवे वाफे. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वेने मोकळ्या जागा लागवडीसाठी दिल्या. तिथे पालक, लाल माठ, मुळा, भेंडी घेतली जाऊ लागली आणि बऱ्याच ठिकाणी शेजारच्या नाल्याचे पाणी पंपाने उपसून दिले जाऊ लागले. नाल्याच्या पाण्यातले जंतू शिजवल्यावर मरतात, धातू शिजवून जात नाहीत. हे वाफे डोळ्यांसमोर असल्याने बदनाम झाले. पण सांडपाण्यावरची भाजी देशभरच्या शहरांच्या वेशीवर पिकते. वाराणसीजवळ दीनापूर परिसरात सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी शेतीला वापरले जाते, आणि तिथल्या माती-भाज्यांवर बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ काम केले. शेतातल्यापेक्षा बाजारातल्या भाजीत कॅडमियम, जस्त व तांबे जास्त, असेही त्यांना आढळले. वाहतुकीत आणि उघड्यावरच्या विक्रीत बसणारी धूळ त्याला कारण मानली गेली.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाजीत शिशाची कमाल मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा ताज्या भाजीच्या वजनावर आहे. संशोधन-निबंधांत मात्र आकडे बहुधा वाळवलेल्या नमुन्याचे असतात. पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असल्याने तोच आकडा सुमारे दहापट दिसतो. दोन्ही सरळ शेजारी ठेवून काढलेल्या मथळ्यांवर त्यामुळे विश्वास ठेवू नये.

तरीही मर्यादेत असलेली भाजी म्हणजे निर्धास्त, असे नाही. अन्नातील कॅडमियमचे सहन होण्याजोगे प्रमाण २०१० साली दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम असे ठरले. साठ किलोच्या माणसाला ते दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पडते. कमाल मर्यादेवरच्या पालकाची दोनशे ग्रॅम भाजी खाल्ली तर ४० मायक्रोग्रॅम त्यातच संपतात; भात आणि गव्हातून येणारे वेगळे. मूत्रपिंडात शिरलेले कॅडमियम निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका आधी बिघडतात, पुढे हाडे ठिसूळ होतात. जपानच्या जिंझू नदीकाठचा ‘इताई-इताई’ हा रोग त्याचे टोकाचे रूप. तिथे मुख्य वाहक भाजी नसून तांदूळ होता. अन्नातून पोटात जाणाऱ्या शिशाची जुनी साप्ताहिक मर्यादा २०१० सालीच मागे घेतली गेली, कारण लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम न करणारे प्रमाण सापडेना.

शरीरात लोह कमी असले की आतडी कॅडमियम आणि शिसे दोन्ही अधिक शोषतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहासाठी पालेभाजी खा, असा सल्ला यांनाच मिळतो. तो चुकीचा नाही. मात्र रोज एकाच विक्रेत्याचा पालक घेण्याऐवजी मेथी, शेपू, चवळी, शेवग्याचा पाला आलटून-पालटून आणि शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावा, हे त्याला जोडायला हवे.

एवढ्यापलीकडे ग्राहकाच्या हातात फारसे काही नाही. दूषित पान टवटवीत दिसते आणि त्याला वासही येत नाही. उपाय शेताच्या बांधावर आहेत : कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देणे, आम्ल जमिनीत चुना व भरपूर शेणखत घालणे, आणि नाल्याकाठी पालेभाजीऐवजी भेंडी, दुधी, दोडका लावणे, कारण फळात हे धातू पानापेक्षा बरेच कमी उतरतात. अडचण पैशाची आहे : पालक महिनाभरात कापणीला येतो आणि पुन्हा फुटतो, दोडक्याला मांडव लागतो आणि थांबावे लागते.